चौकोनी बुडाची बुट्टी: बांबू कोल्हापूरचा, रीत मिकमॅकांची

ही बुट्टी बुडाला चौकोनी आणि तोंडाला गोल होते. बूड साधारण १५.५ सेंटीमीटर, उंची १३ सेंटीमीटर, आणि दोन किलोच्या आसपास कांदे मावतात. पहिल्यांदा हात लावणाऱ्याने याहून मोठी करायला घेऊ नये. लहानही नको, कारण लहान बुट्टीत पट्ट्या जागच्या जागी वळवाव्या लागतात आणि नव्या हातात त्या मोडतात.

माझं माहेर कोल्हापुरातलंच, बुरुडकामाचं. सूप, रोवळी, डालगं, परडी, कोंबड्यांचं खुराडं हे सगळं बघत वाढले आणि आत्याच्या हाताखाली शिकले. आता सुट्टीच्या दिवशी रंकाळ्याजवळ मुलांना आणि मोठ्यांनाही शिकवते. शिकवताना आपल्या टोपलीशेजारी मी मिकमॅक लोकांच्या टोपल्यांचे फोटो ठेवते. मिकमॅक हे कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी. नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड, न्यू ब्रन्सविकचा बराच भाग आणि क्विबेकमधलं गास्पे द्वीपकल्प ही त्यांची भूमी. त्यांच्याकडे बांबू नाही, आपल्याकडे त्यांचं काळं ॲश हे झाड नाही. तरीसुद्धा चौकोनी बूड, एक आड एक वीण, काठाला आतून-बाहेरून दोन कडी आणि त्यावर बांधणी हे तिथेही आहे आणि इथेही. त्यांची रीत हिशेबाची आहे. किती पट्ट्या, किती रुंद, कुठे दुमडायच्या हे मोजून सांगता येतं, म्हणून नवशिक्यांना मी त्याच रीतीने शिकवते, माल मात्र आपला.

एक गोष्ट आधीच सांगते. विणायला एक दुपार पुरते. पट्ट्या काढायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो आणि तो लागू द्यायचा. माझ्याकडे येणाऱ्याला पहिल्या दिवशी मी विणायला देतच नाही. पट्टी जाड-बारीक असेल तर जगातली कुठलीही वीण ती बुट्टी सरळ उभी करू शकत नाही.

त्यांचं लाकूड कसं सुटतं

हे समजून घेतलं की आपल्या बांबूशी कसं वागायचं ते आपोआप कळतं. काळं ॲश दलदलीच्या, ओल्या जमिनीत वाढतं. मिकमॅक कारागीर सरळ बुंध्याचं, खाली फांद्या नसलेलं झाड निवडतात. ओंडका सुकू देत नाहीत, वेळ असेल तर पाण्यात ठेवतात. मग साल काढून कुऱ्हाडीच्या पाठीने ओंडक्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जातात, इंचभरही जागा न सोडता. ॲशच्या खोडात दर वर्षी दोन थर तयार होतात: वसंतात वाढलेला सच्छिद्र, पोकळ थर आणि उन्हाळ्यात वाढलेला घट्ट थर. ठोकल्यावर पोकळ थर चिरडला जातो आणि घट्ट थर लांबच लांब पट्टी होऊन वर उचलला जातो. म्हणजे हातात येणारी एक पट्टी हे त्या झाडाचं एक वर्ष असतं. तीच पट्टी पुढे टोकाला जरा चिरून दोन बाजूंना ओढली की तिचे आणखी दोन पापुद्रे होतात आणि आतली बाजू रेशमासारखी गुळगुळीत निघते.

बांबूला हे चालत नाही. बांबू गवत आहे, त्याला वर्षाची कडी नसतात. कोंब जमिनीतून वर येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते, एका हंगामात तो पूर्ण उंच होतो आणि पुढची वर्षं नुसता आतून टणक होत जातो. बांबू ठोकला तर पट्टी निघणार नाही, तो फुटेल. त्याचे धागे उभे, एकमेकांना समांतर असतात, म्हणून त्याला उभंच उघडायचं. दोन्हीकडे कारागीर लाकूड कापत नाही, ते जिथे सुटायला तयार असतं तिथे सोडवतो. बाकी सगळं यातूनच निघतं.

एक मन कळवळणारी गोष्टही सांगायला हवी. ॲशच्या सालीखाली पोखरणारा हिरवा भुंगा आशियातून तिकडे पोहोचला. अमेरिकेत तो २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात सापडला, नोव्हा स्कोशियात २०१८ मध्ये. काळं ॲश त्याच्यापुढे टिकत नाही. झाड गेलं तर त्यासोबत ते निवडणारा डोळा आणि ठोकणारा हातही जाईल. आपल्याकडे उलटं आहे: बांबू भरपूर, हात कमी होत चाललेत.

बांबू कुठला आणि कधीचा

कोल्हापूरच्या पश्चिमेला, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात बांबूला तोटा नाही. गावात कुणाच्या बांधावर बेट असेल तर विचारून घ्यावा. खासगी जमिनीवरचा बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येत येत नाही. जंगलातल्या, अभयारण्यातल्या बेटाला मात्र हात लावायचा नाही. शहरात राहणाऱ्याने सरळ बुरुड गल्लीत जावं आणि ओला, पेरं लांब असलेला बांबू मागावा. कशासाठी हवा ते सांगितलंत तर तिथली माणसं योग्य तोच काढून देतात.

स्वतः निवडणार असाल तर बघायचं ते असं. चालू वर्षाच्या बांबूवर गाठीला वाळकी आवरणं चिकटलेली असतात आणि अंगावर पांढरी भुकटी असते. तो कोवळा, सुकल्यावर आक्रसणारा. फार जुन्यावर करडे-पांढरे ठिपके आणि शेवाळ दिसतं. तो कडक, वाकवताना तडकणारा. मधला, दोन-तीन वर्षांचा घ्यायचा. व्यास ७ सेंटीमीटरच्या आसपास हवा, कारण पुढचा सगळा हिशेब मी त्यावर धरलाय. जोतिबाच्या चैत्र यात्रेला सासनकाठी निवडणारी जुनी माणसं बांबूच्या बेटात कशी हिंडतात ते कधी पाहिलं असेल तर कळेल; ती वर शेंड्याकडे आधी बघतात, सरळपणा तिथे कळतो.

तोड दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत. या काळात बांबूत पिष्ट कमी असतं, आणि भुंगा त्या पिष्टासाठीच येतो. पावसाळ्यात तोडायचा नाही. तेव्हा नवे कोंब वर येत असतात आणि त्यांना जुन्या बांबूंचं बळ लागतं. तोडताना जमिनीजवळच्या गाठीच्या लगेच वर कापावं, म्हणजे खुंटात वाटी राहून पाणी साठत नाही आणि कंद कुजत नाही.

सुका बांबू मिळाला तर तो आधी पाण्यात बुडवून ठेवावा, दोन दिवस तरी. आठवडाभर ठेवलात आणि पाणी बदलत राहिलात तर आतली साखर निघून जाते आणि बुट्टीला कीड कमी लागते. पाण्याला वास येतो, तो यायचाच.

चिरणं

हत्यारं फार नाहीत. एक कोयता, एक पातळ पात्याची सुरी, दाभण, कात्री, कपडे वाळत घालायचे दहा-बारा चिमटे, पाण्याची बादली. चपलांच्या कारागिराकडून मागून आणलेला चामड्याचा एक तुकडा मांडीवर ठेवायला लागतो. चप्पल लाईनला विचारलंत तर कातरण मिळून जातं. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं ते चामडं पात्याखाली सरकत नाही आणि लवकर कापलंही जात नाही. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. बांबूची फास बारीक असते, पण बोटात गेली की दोन दिवस हात कामाचा राहत नाही.

बांबूचे ६५ सेंटीमीटरचे दोन तुकडे आणि २ मीटरचा एक तुकडा काढा. छोटे तुकडे उभ्या पट्ट्यांसाठी, लांब तुकडा विणीच्या पट्ट्यांसाठी आणि काठासाठी.

तुकडा उभा धरून शेंड्याकडच्या टोकाला कोयता मधोमध ठेवायचा आणि लाकडाने हलकेच ठोकायचा. चीर सुरू झाली की कोयता पुढे रेटण्यापेक्षा दोन्ही भाग हातांनी उघडत जायचं. अर्ध्याचे अर्धे, त्याचे पुन्हा अर्धे, असं चार वेळा केलं की सोळा कामट्या होतात, प्रत्येक सुमारे १४ मिलिमीटर रुंद. नेहमी अर्धंच करायचं. एका बाजूने बारीक पट्टी ओढून काढू पाहाल तर ती मध्येच तुटते.

चीर मधून पळाली आणि एक बाजू जाड, एक बारीक होऊ लागली तर काय करायचं, हा चिरण्यातला खरा प्रश्न. चीर नेहमी जास्त वाकलेल्या बाजूकडे जाते. म्हणून जाड बाजू वाकवायची आणि बारीक बाजू सरळ, स्थिर धरायची. बोटभर पुढे गेलं की चीर पुन्हा मधे येते. आत्या शेजारी बसून एवढंच म्हणायची, "जाड अंगाला वाकीव, बारीक अंगाला हात लावू नगंस." हाताला हे एकदा कळलं की डोळे मिटूनही चीर कुठे चाललीय ते समजतं, कारण जाड बाजू जास्त जोर मागते. गाठीवर थांबू नका. गाठीवर थांबलं की चीर तिथेच वाकडी होते; गाठ येण्याआधी जरा जोर वाढवून ती एका दमात पार करायची.

आता प्रत्येक कामटीला पाठ आणि पोट आहे. पाठ म्हणजे बाहेरची हिरवी, चकचकीत बाजू, ताकद सगळी तिथे. पोट म्हणजे आतली पांढरी, भुसभुशीत बाजू. सुरीने जाडीच्या मधोमध चीर देऊन पोट वेगळं करायचं, उरलेल्या पाठीचे पुन्हा दोन पापुद्रे करायचे, आणि पाठीला १ मिलिमीटरच्या आसपास जाडी राहीपर्यंत जायचं. इथेही तोच नियम: जाड पापुद्रा वाकवा. पोटाच्या चांगल्या पट्ट्या टाकू नका, त्या रंगवायला लागतील. बाकीचं चुलीला.

सारखेपणा

मिकमॅक कारागीर यासाठी एक साधं हत्यार वापरतात: हातात मावणारा लाकडी ठोकळा, ज्याच्या एका कडेला ठरावीक अंतरावर बारीक पाती बसवलेली असतात. रुंद पट्टी त्यावरून ओढली की एकाच वेळी सारख्या रुंदीच्या तीन-चार पट्ट्या निघतात. ठोकळे वेगवेगळ्या मापांचे असतात, आणि काही ठोकळे इतके सुंदर कोरलेले असतात की ते बघत राहावेत.

आपण घरी असं करायचं: एका जाड फळीत दोन धारदार पाती उभी ठोकायची, पाती एकमेकांकडे पुढे किंचित जवळ येतील अशी, मधलं अंतर १२ मिलिमीटर. जुन्या हॅकसॉ ब्लेडचे घासून धार लावलेले तुकडे चालतात. १४ मिलिमीटरची कामटी पाठ वर ठेवून या दोन पात्यांमधून ओढली की दोन्ही कडा एकदम तासल्या जातात. दुसरी जोडी ६ मिलिमीटरची. विणीच्या पट्ट्यांसाठी लांब तुकड्याच्या कामट्या आणखी एकदा अर्ध्या करून ७ मिलिमीटरच्या करायच्या आणि त्या यातून ओढायच्या.

जाडीसाठी मांडीवर चामडं, चामड्यावर कामटी, कामटीवर सुरी आडवी टेकवलेली. सुरी हलवायची नाही, पट्टी ओढायची, पोटाची बाजू पात्याकडे ठेवून. मिकमॅकांचा वाकडा चाकू नेमका उलट चालतो: त्याचं पातं टोकाशी वळलेलं, मूठ तिरकी, आणि तो आपल्याकडे ओढत लाकूड तासायचं. त्यांची पट्टी स्थिर, हत्यार फिरतं. आपलं हत्यार स्थिर, पट्टी फिरते. लांब पट्टीला आपली पद्धत जास्त सोयीची, असं माझं मत आहे. मुठी, दांडे, कडी करायला मात्र त्यांचा चाकू सरस.

उभ्या पट्ट्या १ मिलिमीटर जाड, विणीच्या अर्धा मिलिमीटर. विणीची पट्टी बोटाभोवती गुंडाळून बघा. एकसारखी गोल वळली तर झाली. एखाद्या ठिकाणी कोन पडला तर तिथे ती जाड आहे, पुन्हा ओढा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण हातात पट्टी मऊ होत जाते तेव्हाचं समाधान मला विणण्यातही मिळत नाही.

लागणारा माल असा: १२ मिलिमीटरच्या २० उभ्या पट्ट्या, ६० सेंटीमीटर लांब, ६ मिलिमीटरच्या दहा-बारा विणीच्या पट्ट्या, २ मीटर लांब, काठासाठी १२ मिलिमीटर रुंद, २ मिलिमीटर जाड अशा दोन पट्ट्या, ८५ सेंटीमीटर लांब. चार-पाच जास्तीच्या काढून ठेवा.

बूड आणि भिंत

पट्ट्या अर्धा तास पाण्यात भिजवा. दहा पट्ट्या पाठ खाली करून जमिनीवर शेजारी मांडा, मधे ४ मिलिमीटर फट ठेवून. उरलेल्या दहा आडव्या, एक वर एक खाली, मधल्यापासून सुरू करून दोन्ही बाजूंना. दहा पट्ट्यांचे १२० आणि नऊ फटींचे ३६, असे १५६ मिलिमीटर भरले पाहिजेत, दोन्ही दिशांना. मोजपट्टीने मोजा, कोपरे काटकोनात आहेत का बघा, चारी बाजूंना सारखीच लांबी बाहेर आहे का बघा. बूड तिरकं राहिलं तर बुट्टी शेवटपर्यंत तिरकी राहते.

मग बुडाच्या कडेने वाखाच्या दोन दोऱ्यांची एक फेरी घाला, प्रत्येक पट्टीनंतर दोऱ्यांना एक पीळ देत. याने चौकोन पक्का होतो. वाख म्हणजे केकताडाच्या पात्यांचा धागा. दोर वळणाऱ्यांकडे मिळतो. स्वतः काढायचा असेल तर पाती पाण्यात कुजवून झोडपावी लागतात आणि रस अंगाला लागला की खाज सुटते, म्हणून विकतच आणा. केकताड मुळात अमेरिका खंडातलंच, आपल्या बांधावर येऊन स्थिरावलं. मिकमॅक हे बांधाबांधीचं काम स्प्रूस झाडाच्या मुळांनी करत आले. ही लांब, बारीक मुळं मऊ जमिनीतून ओढून काढायची, सोलायची, मधोमध चिरायची आणि ओली ठेवायची. बर्चच्या सालीच्या होड्या याच मुळांनी शिवलेल्या असत, आणि शिवणीवर स्प्रूसचा डिंक चरबीत कालवून लावलेला असे. बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्याच झाडाची बहीण. तिच्या सालीतून समुद्रात जाणारी होडी करायची, हे वाचलं की मला आजही त्या हातांबद्दल फार आदर वाटतो.

आता वळवणं. बुडाच्या कडेवर लाकडी पट्टी दाबून धरा, गरम पाण्यात पिळलेलं फडकं दुमडीवर मिनिटभर ठेवा आणि उभ्या पट्ट्या एकेक करून वर वळवा. पाठ बाहेरून राहते, म्हणून ताण तिच्यावर येतो आणि ती तो झेलते. पोट बाहेर ठेवून वळवलं तर इथेच कडाकडा मोडतील.

चाळीस टोकं वर आली. चाळीस हा सम आकडा, आणि एकच पट्टी गोल गोल विणत न्यायची तर विषम आकडा हवा, नाहीतर प्रत्येक फेरीत ती त्याच टोकांच्या पुढून जाईल. म्हणून कोपऱ्याजवळचं एक टोक कात्रीने बुडापर्यंत उभं चिरा. त्याच्या झाल्या दोन बारीक पट्ट्या, एकूण एक्केचाळीस. ॲशच्या टोपल्यांमध्येही हीच युक्ती असते. जुनी टोपली हातात घेऊन शोधलीत तर ते चिरलेलं टोक सापडतं.

विणीच्या पट्टीचं पहिलं टोक वीतभर निमुळतं करून सुरू करा. एक आड एक, पाठ बाहेर. पहिल्या तीन फेऱ्या त्रासाच्या असतात, टोकं इकडेतिकडे पडतात. चिमटे लावा, कोपऱ्यातली टोकं बांधून ठेवा. कोपऱ्यावर पट्टी ओढायची नाही. ओढलीत की भिंत आत झुकते आणि बुट्टी पिशवीसारखी तोंडाला मिटत जाते. तोंड गोल व्हायला हवं तर कोपऱ्यातली टोकं चौथ्या-पाचव्या फेरीपासून पंख्यासारखी किंचित फाकवत न्या. पट्टी संपली की नवी पट्टी जुनीवर चार टोकांपर्यंत चढवून पुढे न्या, दोन्ही शेवट उभ्या पट्टीमागे लपतील असे. दर दोन-तीन फेऱ्यांनी विणलेलं बोटांनी खाली दाबा. वीस-बावीस फेऱ्यांत उंची भरते. शेवटची अर्धी फेरी निमुळती करा, म्हणजे काठ एका पातळीत येतो.

इथे थांबायचं. बुट्टी सावलीत दोन दिवस ठेवा. ओला बांबू सुकताना आक्रसतो आणि फेऱ्यांमध्ये फटी पडतात. त्या खाली दाबून वर एखादी फेरी वाढवा. हे न करता घाईने काठ बांधला तर महिनाभरात बुट्टी खुळखुळते.

काठ

शेवटच्या फेरीच्या बाहेर असलेली टोकं चार बोटं ठेवून तिरकी कापा, फडक्याने ओली करा, आत दुमडा आणि आतल्या बाजूने तिसऱ्या फेरीखाली खोवा. फेरीच्या आत असलेली टोकं काठाशी सपाट कापा. मग जाड पट्टीचं एक कडं आतून, एक बाहेरून. दोन्हींची टोकं ८ सेंटीमीटर एकमेकांवर चढतील अशी आणि तेवढा भाग तासून निम्मा केलेला. आतला जोड आणि बाहेरचा जोड समोरासमोरच्या बाजूंना येऊ द्या. चिमट्यांनी धरून वाखाच्या दोरीने किंवा वेताच्या सालीने तिरके वेढे घालत बांधा, प्रत्येक दोन उभ्या पट्ट्यांच्या मधे दाभणाने जागा करून. एक फेरी पूर्ण झाली की उलट्या दिशेने परत या, फुल्या पडतात.

झालेली बुट्टी गॅसच्या ज्योतीवरून झरझर फिरवा. बारीक कुसं जळून जातात आणि हात गुळगुळीत फिरतो. एका जागी थांबू नका.

सजवायचं असेल तर

मिकमॅक लोकांची सगळ्यात नावाजलेली कला म्हणजे बर्चच्या सालीवरचं साळिंदराच्या काट्यांचं काम. सालीला दाभणाने छिद्रं पाडायची, ओला करून मऊ केलेला रंगीत काटा दोन छिद्रांत दोन टोकांनी खोवायचा. साल सुकली की छिद्र आवळतं आणि काटा पक्का बसतो. आपला साळिंदर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

दुसरं काम आपल्याला करता येतं. बाहेरच्या विणीवर शिंदीच्या पात्याची पट्टी वरून घालायची, आणि प्रत्येक उभ्या पट्टीखाली खोवण्याआधी तिला पीळ देऊन टोकदार कुरळी करायची. ॲशच्या टोपल्यांवर अशा टोकांच्या रांगाच्या रांगा असतात. बांबूची पट्टी या पिळाला तुटते. केरसुणीला लागतात ती शिंदीची पाती ओली केली की ऐकतात.

रंगवायची ती पाती किंवा मघाशी ठेवलेल्या पोटाच्या पट्ट्या. पाठीच्या चकचकीत सालीवर रंग धरत नाही. लाल रंगाला मंजिष्ठ घ्या, काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. पट्ट्यांच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पट्ट्या रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पट्ट्यांच्या वजनाएवढी मंजिष्ठेची भुकटी टाकून तासभर मंद आचेवर. उकळी येऊ द्यायची नाही, उकळलं की लाल जाऊन तपकिरी उतरतो. मिकमॅक काट्यांना लाल रंग द्यायला एका रानवेलीच्या मुळ्या वापरत, आणि ती वेल मंजिष्ठेच्याच कुळातली आहे. हजारो मैलांवर दोन माणसांनी एकाच कुळाच्या मुळीत लाल शोधला, हे मी प्रत्येक वर्गात सांगते.

त्यांच्या नाजूक टोपल्यांच्या काठाला सुगंधी गवताची वेणी असते, व्हॅनिलासारखा वास असलेली. मी तिथे वाळ्याची वेणी लावते. तीन-तीन मुळांच्या तीन बटा ओल्या करून घट्ट विणायच्या आणि बाहेरच्या कड्याखाली ठेवून बांधणीतच गुंतवायच्या. उन्हाळ्यात पाणी शिंपडलं की घरभर वास सुटतो.

किंमत आणि निगा

मिकमॅक कुटुंबांनी आपली जमीन गेल्यावर पोट भरायला दारोदार टोपल्या विकल्या. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या आरूस्टुक भागातल्या बटाट्याच्या शेतांत काढणीला लागणाऱ्या ॲशच्या टोपल्या त्यांनी आणि त्यांच्या शेजारच्या जमातींनी पुरवल्या, पुढे यंत्रं आली. आपल्याकडे भाजीचा हारा गेला, प्लास्टिकचं क्रेट आलं. स्वतः एक बुट्टी केलीत की बाजारात बुरुडणीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करवणार नाही तुम्हाला. ती मागते ते कमीच असतं.

बुट्टीत कांदे-बटाटे ठेवा, फळं ठेवा. हवा खेळती राहते, प्लास्टिकसारखा घाम धरत नाही. पिठासाठी किंवा धान्यासाठी हवी असेल तर भिजवलेल्या मेथीचं वाटण आणि कागदाचा लगदा कालवून आतून लिंपा, कडक उन्हात वाळवा. फटी बुजतात आणि मेथीमुळे किडे लांब राहतात. धुवायची तर ब्रशने, साध्या पाण्याने, आणि लगेच वाऱ्यावर उलटी टांगायची. कोल्हापूरच्या पावसात बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर ती भिंतीला किंवा फरशीला टेकवू नका, खुंटीला अडकवा. पांढरी भुकटी पडताना दिसली तर आत भुंगा आहे. बुट्टी दिवसभर पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवा, मग दोन दिवस कडक उन्हात. काठाचा वाख दोन-तीन वर्षांनी सैल होतो, तेव्हा तेवढाच उसवून नवा बांधा. बाकीच्या बुट्टीला हात लावावा लागत नाही.